लाँग लेजला डॉक्टर पाहिजे

डॉक्टर क्रीझर एकूण तीनदा निवृत्त झाले. पहिल्यांदा सत्तराव्या वर्षी. आम्ही अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्यांना जेवण दिलं. लॉबस्टर होते, बटाट्याचं सॅलड होतं, शेवटी गोडाला ब्लूबेरी-पाय होता. लेव्ही आइसनरने माईक हातात घेऊन असं भाषण ठोकलं की अर्धा हॉल हसत होता आणि अर्धा डोळे पुसत होता. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेआठला डॉक्टर नेहमीसारखे दवाखान्यात हजर. जो नवा डॉक्टर यायचा होता त्याने आदल्या आठवड्यात नाही म्हणून कळवलं होतं. दुसऱ्यांदा ते बहात्तराव्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हा जेवण नव्हतं, नुसता केक. तोही मीच घरून करून नेला होता. तेव्हाही कुणी आलं नाही, आणि डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसले. तिसऱ्यांदा काय झालं ते गावात फक्त आम्हा चौघांना ठाऊक होतं. त्यातले दोघं आता सांगू शकत नाहीत.

मी ओलिव्ह झिंक. त्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर मी चौतीस वर्षं बसले. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, कागद जागच्या जागी लावायचे, रडणाऱ्या पोरांना बिस्किट द्यायचं. मी नर्स नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं लाँग लेज म्हणजे एक धक्का, एक मासळीचा कारखाना, शाळा, दोन चर्च आणि किनाऱ्याच्या कडेने पसरलेली घरं. इस्पितळ सव्वा तासावर. आसपासच्या वस्त्या धरून डॉक्टरांच्या यादीवर एकवीसशे माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांनीच या जगात आणलं होतं. कुणाची नाडी बघताना ते त्याच्या आजोबांचं हृदय कसं होतं तेही सांगायचे. पहिल्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांची बायको बिअट्रिस गेली. तेव्हापासून ते घरी फक्त झोपायला जात.

नवा डॉक्टर शोधायला गावाने पाचजणांची समिती केली. अध्यक्ष अर्थातच लेव्ही. अडतीस वर्षं त्याने लॉबस्टरची बोट चालवली होती. गुडघे गेले तेव्हा बोट पुतण्याला विकली, आणि मग अंगातली सगळी रग त्याने या डॉक्टर शोधण्यात घातली. कुणी पाहुणा डॉक्टर गाव बघायला येणार असला की लेव्ही स्वतःची पिकअप धुऊन-पुसून तीन तास गाडी हाकत हॅलिफॅक्स शहराच्या विमानतळावर जायचा. येताना वाटेत तो त्या बिचाऱ्याला इतकं बोलून दमवायचा की तो माणूस गावात उतरायचा तोच कपाळ चोळत.

"तू जरा तोंड बंद ठेवत जा रे," मी त्याला म्हणायचे. आम्ही शाळेत एका वर्गातले.

"का? मी बोललो नाही तर तो खिडकीबाहेर बघेल. आणि बाहेर बघितलं तर काय दिसणार? धुकं! मग परतच जाईल की."

चार वर्षांत सातजण आले. सगळ्यांना आम्ही खाऊ घातलं, घरं दाखवली, शाळेच्या मुलांनी गाणी म्हटली. एकाच्या बायकोला नोकरी मिळेना. एकाला मुलांसाठी मोठी शाळा हवी होती. एक तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला की समुद्राच्या वासाने मळमळतं. लेव्हीने त्यालाही विमानतळावर हसतमुखाने सोडलं आणि परत येऊन दवाखान्यात माझ्यासमोर खुर्चीत धपकन बसला. "मळमळतं म्हणे! अगं, डॉक्टर ना हा?"

त्यातलं शेवटचं दीडएक वर्ष आम्ही हसत काढलं. पण हसण्यासारखं नव्हतं. कारण तेव्हाच डॉक्टरांचं चुकायला लागलं होतं.

आधी एकदा त्यांनी मला बिअट्रिस म्हणून हाक मारली. दुःखाने माणूस चुकतो, मी मनावर घेतलं नाही. मग एका बाईच्या थायरॉइडच्या गोळ्या त्यांनी दहापट लिहून दिल्या. औषधाच्या दुकानातून मला फोन आला, "ओलिव्ह, ही चिठ्ठी बरोबर आहे का गं?" मी दुसरी चिठ्ठी लिहून आत नेली, डॉक्टरांनी न बघता सही केली. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठी मी नजरेखालून घालायला लागले. दुकानवालाही शंका आली की थेट मलाच फोन करायचा. त्या बाबतीत आम्ही दोघं कधी एक शब्द उघडपणे बोललो नाही. बोललो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं.

कुणाला सांगायचं? वैद्यक मंडळाला कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप, आणि एकवीसशे माणसं रस्त्यावर. नवा डॉक्टर येईपर्यंत ओढून नेऊ, असं मी रोज म्हणायचे. येईलच की कुणीतरी. लेव्ही आणेलच.

त्या वर्षी फेब्रुवारीत लेव्हीची बायको मर्ना त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन आली. "याच्याकडे बघा हो डॉक्टर. जिना चढताना धापा टाकतो. तोंडाचा रंग बघा, पिठासारखा झालाय."

"ही मला घरात बसवून ठेवायला बघतेय," लेव्ही म्हणाला. "पुढच्या महिन्यात एक आयरिश डॉक्टर येतोय, त्याला कोण आणणार?"

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट फॅक्सवर आला. तो मी बाकीच्या कागदांबरोबर डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवला. पद्धत अशी होती की डॉक्टर वाचून सही करायचे, मग मी तो फाइलला लावायचे. आठवड्याने मर्नाचा फोन आला. मी आत जाऊन विचारलं, "लेव्हीच्या रक्ताचं काय झालं?" डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे. काही नाही."

मी फोनवर मर्नाला म्हणाले, "ठीक आहे गं. काळजी करू नकोस."

फाइलमध्ये तो कागद लागलेला नाही हे मला दिसायला हवं होतं. खरं सांगायचं तर सही होऊन परत येणारे कागद कमी झालेत हे मला दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावला की हल्ली तपासण्या कमी होतायत.

जुलैमध्ये डॉक्टर मोरेनिके अलाडे गाव बघायला आल्या. मूळच्या नायजेरियाच्या, शिक्षण इंग्लंडात, वय चाळिशीच्या आत. कमी बोलणाऱ्या. लेव्हीच्या तीन तासांच्या बडबडीनंतरही ताज्यातवान्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरांच्या शेजारी बसून काम कसं चालतं ते बघत होत्या. दुपारी डॉक्टर जेवायला बाहेर गेले. लेव्ही बाहेर पिकअपमध्ये बसून होता, बाईंना माजी सैनिकांच्या लीजन क्लबच्या हॉलमध्ये चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप, खायला न्यायचं होतं म्हणून.

बाई आतून बाहेर आल्या. दोन्ही हातांत कागदांचा गठ्ठा.

"पेशंटला पुढे पाठवायचा फॉर्म बघायला मागितला होता मी. डॉक्टर म्हणाले उजवीकडच्या ड्रॉवरमध्ये आहे. ओलिव्ह, हे काय आहे?"

मी वरचा कागद बघितला. मार्चचा. खालचा जानेवारीचा. एकावरही सही नव्हती.

बाईंनी दार लोटलं, माझ्या टेबलावर सगळे कागद पसरले आणि आम्ही उभ्या उभ्या ते वाटायला सुरुवात केली. ज्यात काही नाही ते डावीकडे, थांबू शकतात ते मध्ये, थांबू शकत नाहीत ते उजवीकडे. त्रेसष्ट कागद होते. उजवीकडे अकरा निघाले. अकरावा लेव्हीचा. रक्त इतकं कमी की प्रयोगशाळेने वर शिक्का मारला होता, लगेच पाहावे. तारीख फेब्रुवारीची.

"हे गृहस्थ म्हणजे..." बाईंनी खिडकीकडे बघितलं. बाहेर लेव्ही गाडीच्या आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवत होता.

"हो. तेच."

"तुम्हाला किती दिवसांपासून माहीत आहे? कागदांचं नाही म्हणत. डॉक्टरांचं."

"दीड वर्ष होईल."

"कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दवाखाना बंद झाला असता."

"हो," त्या म्हणाल्या. "झाला असता."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला या प्रांताचा परवाना नाही. मी त्यांना हातसुद्धा लावू शकत नाही. तुम्ही डॉक्टरांना बोलवून घ्या. आणि एक सांगते, हे मी मंडळाला कळवणार. कळवावंच लागेल."

डॉक्टर आले. मी लेव्हीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, तारखेवर बोट ठेवलं.

"हा मी पाहिला होता," ते म्हणाले. मग तारीख पुन्हा वाचली. "नाही. नव्हता पाहिला." मग माझ्याकडे बघून, "ओलिव्ह, बाकीचे किती आहेत?"

"या ढिगात दहा."

त्यांनी फोन जवळ ओढला. पुढचा अर्धा तास ते माझे जुने डॉक्टर क्रीझर होते. हॅलिफॅक्सच्या सर्जनला त्यांनी नावाने हाक मारून आपली चूक सांगितली, आडपडदा न ठेवता, आणि दोन दिवसांनंतरची वेळ मागून घेतली. आवाज ठणठणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाकीच्या दहाजणांचीही सोय लावली, मी नावं वाचत गेले तसतशी. ते दहाजण वाचले, हे इथेच सांगते. मग त्यांनी लेव्हीला आत बोलावून दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर येऊन लेव्ही म्हणाला, "चला बाई, चाउडर थंड होईल." आणि खरोखरच त्यांना जेवायला घेऊन गेला.

डॉक्टरांनी दवाखान्याच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "मंडळाला पत्र मीच लिहितो. त्या पोरीला ते काम नको." बुधवार होता. दुपारचे दोन वाजले होते. अडीचच्या पेशंटला मी फोन करून सांगितलं, येऊ नका, डॉक्टर निवृत्त झाले.

लेव्हीच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती काढली, पण तोवर यकृतात पसरली होती. सर्जन म्हणाला की पाच महिने आधी आला असता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. कदाचित हेच. कदाचित नाही.

सप्टेंबरात तो घरी आला तेव्हा मी गेले. दार मर्नाने उघडलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तू म्हणालीस ठीक आहे. डॉक्टरांनी नाही सांगितलं मला. तू सांगितलंस. आता हे सगळं वर्तमानपत्रात जाणार." आणि आत निघून गेली. दार तिने उघडंच ठेवलं, म्हणून मी आत गेले.

लेव्ही खिडकीपाशी ब्लँकेट घेऊन बसला होता. इतका मोठा माणूस, खुर्चीत मावला होता.

"रडायला आली असशील तर मर्नाच्या मागे रांग लाव," तो म्हणाला.

"मला सगळं माहीत होतं लेव्ही. त्यांचं चुकतंय हे. मी लपवलं."

"मला काय माहीत नव्हतं? गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, बाबा कसे आहेत म्हणून. माझा बाप जाऊन वीस वर्षं झाली." तो खोकला, पाणी प्यायला. "मीच म्हणत होतो, एक वर्ष काढू. एक डॉक्टर मिळू दे. तू एकटीने नाही लपवलंस. गावाने लपवलं. ज्याला त्याला आपापली गोळी वेळेवर हवी होती."

"मर्ना म्हणतेय वर्तमानपत्रात द्यायचं."

"नाही द्यायचं." त्याने माझं मनगट धरलं. हात गार होता. "ऐक. ज्या गावात डॉक्टर नसल्यामुळे माणूस मेला तिथे कोण येईल? तिकडे बसून लोक इंटरनेटवर गावाचं नाव टाकतात आणि आधी हेच वाचतात. तिला मी समजावतो. तू फक्त शोधत राहा. आता अध्यक्ष तू."

"मी? मला ती बडबड जमणार नाही."

"म्हणून तर. मी सातजण पळवून लावले."

डॉक्टर अलाडेंचं पत्र ऑक्टोबरात आलं. लेव्हीला मी ते वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की गाव त्यांना आवडलं, माणसं आवडली. पण तुम्हाला एक डॉक्टर पुरणार नाही, तीन हवेत. मी एकटी आले तर वीस वर्षांनी माझ्याही टेबलात असा एक ड्रॉवर असेल. मला माफ करा.

"हुशार बाई," लेव्ही म्हणाला. "हीच हवी होती."

तो जानेवारीत गेला. त्या दिवशी लॉबस्टरच्या भर मोसमात एकही बोट बाहेर पडली नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर डॉक्टर क्रीझर एकटेच बसले होते, अंगात जाड कोट, गुडघ्यांवर दोन्ही हात. येता-जाता लोक त्यांच्याशी हात मिळवत होते, तब्येत सांभाळा म्हणत होते. मर्ना त्यांच्यासमोरून गेली. थांबली नाही. वसंतात त्यांच्या पुतणीने त्यांना वृद्धाश्रमात नेलं. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बसा म्हटलं आणि कुठे दुखतंय ते विचारलं.

एप्रिलमध्ये दूरच्या मॅनिटोबा प्रांतातून डॉक्टर रेंपेल आले. पन्नाशीचे, शांत, हातात एकच बॅग. मी माझ्या छोट्या गाडीने त्यांना आणायला गेले. वाटेत मी फारसं बोलले नाही. अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनीच विचारलं, "आधीचे डॉक्टर का गेले?"

वय झालं होतं, एवढं म्हणायचं होतं. समितीत तसंच ठरलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मला फोनवरचा माझाच आवाज ऐकू आला. ठीक आहे गं, काळजी करू नकोस. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, त्रेसष्ट कागद, शिक्का, सगळं. लेव्हीने नको म्हटलं होतं तेही सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "लेव्हींच्या घरी कोण आहे आता?"

"बायको. एकटी."

"हं," ते म्हणाले. मी गाडी सुरू केली.

दोन दिवस ते राहिले. जेवले, शाळेत गेले, दवाखान्यात त्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले. नवव्या दिवशी त्यांचा मेल आला. बायकोच्या नोकरीचं जमत नाही, क्षमस्व. हे कारण खरं असेल. आधीही एकाचं तेच होतं. पण समितीतल्या कारखान्याच्या मॅनेजरने मला विचारलं, "ओलिव्ह, वाटेत काय बोलणं झालं तुमचं?"

"त्यांनी विचारलं ते सांगितलं."

पुढच्या बैठकीत ठरलं की पाहुण्यांना आणायला यापुढे मॅनेजर जातील, त्यांची गाडी मोठी आहे. त्यानंतर दोन वर्षांत तिघं आले. तिघंही परत गेले, आणि त्यांच्याशी वाटेत कुणी काही बोललं नव्हतं. तरी त्या एकाचं ओझं माझ्यावर आहे. मी लेव्हीचा शब्द मोडला. आणि तरी पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

आता दवाखान्यात मंगळवारी एक नर्स येते. बाकी गावातल्या सगळ्यांची नावं प्रांताच्या प्रतीक्षा यादीत, डॉक्टर मिळेल तेव्हा मिळेल. दवाखान्याचा नंबर बंद झाला, म्हणून लोक माझ्या घरी फोन करतात. "ओलिव्ह, छातीत जड वाटतंय. लोणच्यात मुरवलेला हेरिंग मासा खाल्ला होता, त्यानेच असेल ना?" मी म्हणते, मला विचारू नका, गाडी काढा आणि निघा. काहीजण निघतात. काहीजण सकाळपर्यंत बघू म्हणतात.

मागच्या गुरुवारी सकाळी फोन वाजला तो मर्नाचा. लेव्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "माझा डावा हात बधिर झालाय," ती म्हणाली. "कुणी गाडी चालवणारं नाहीये."

मी चप्पल-बूट काय सापडलं ते पायात घालून निघाले. सव्वा तासाच्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही. इस्पितळात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही शेजारी शेजारी सात तास बसलो. मध्ये मी चहा आणला, तिने घेतला. संध्याकाळी पाच वाजता तिचं नाव पुकारलं. तरुण डॉक्टर होता, डोळे लाल, ड्यूटीच्या कितव्या तासावर होता कोण जाणे. चांगला होता. तिला काही मोठं झालेलं नव्हतं, मानेची शीर दाबली गेली होती. तरी पुढच्या तपासण्या लागतील म्हणाला, आणि संगणकाकडे वळला.

"रिपोर्ट कुणाकडे पाठवू? तुमचे फॅमिली डॉक्टर कोण?"

मर्ना कोटाची बटणं लावत होती. त्याला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने मोठ्याने पुन्हा विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "लाँग लेजला कुणी नाही."

त्याने मान हलवली. हे उत्तर त्याला नवं नव्हतं. एका चौकटीत त्याने खूण केली आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. परतीच्या वाटेवर पाऊस लागला. तिच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. ती उतरली, बधिर हाताला दुसऱ्या हाताने धरून घरापर्यंत गेली. आत दिवा लागलेला दिसला, मग मी गाडी वळवली.